तळ्यापलीकडचे सासरे

गोल वाटेवर माणूस हरवूच शकत नाही, हे त्याने तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेवटी तिने ऐकून घेणंच सोडून दिलं. जंगलातलं छोटंसं तळं, त्याच्याभोवती सपाट पायवाट. फाटकातून निघायचं आणि चालत चालत परत फाटकाशीच यायचं. बाबागाडीतल्या पोरांपासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे तिथे चक्कर मारतात.

"अर्ध्या चकरेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा," त्याने बेत सांगितला. "मग लग्नाचा विषय. फाटकाशी येईपर्यंत तुझ्या बाबांचा होकार खिशात."

चष्म्याच्या दुकानात तो लोकांची नजर तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांना "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं विचारणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचा बेत मात्र भलताच स्पष्ट दिसत होता.

तिचे बाबा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. जन्मभर ठोकलेल्या गाड्यांची पाहणी केल्यामुळे कुठे काही वाकलेलं, मोडलेलं दिसलं की खाली वाकून बघितल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे. आणि समोरचा माणूस थापा मारतोय, हे ते आधीच धरून चालत. यापूर्वी आलेल्या एका मुलाला त्यांनी चहा निवायच्या आत वाटेला लावलं होतं.

"आज विचारलंस तर विचारलंस," तिने फाटकाशी त्याला बाजूला घेऊन बजावलं. "परवा ते दादाकडे जातायत, ते वर्षभरासाठी. आणि घरी विचारायला गेलास तर आई मधे बोलेल. मी तिला इथे बाकावर धरून ठेवते. तू तेवढं नीट बोल."

बाबांनी फोन गाडीतच टाकला. "झाडांत कशाला हवाय फोन?" म्हणाले आणि निघाले.

सुरुवातीच्या गप्पा छान झाल्या. मग लग्नाचा विषय काढायची वेळ आली. बोलायचं वाक्य मनात घोळवताना त्याचा वेग वाढत गेला, नजर पायांकडे गेली, आणि शेवटी डोळे मिटून त्याने सगळं एका दमात बोलून टाकलं. "काका, स्पष्टच सांगतो. आमचं एकमेकांवर प्रेम आहे. मी तिला काही कमी पडू देणार नाही. तुमची हरकत नसेल तर आम्हाला लग्न करायचंय."

छातीवरचं ओझं उतरलं. तो वळला. मागे काका नव्हते. धावायचे बूट घातलेल्या एक बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या.

"माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त जरा बाजूला व्हा, मला पुढे जायचंय."

त्याने घाबराघुबरा होऊन सगळीकडे पाहिलं. काका तळ्याच्या बरोब्बर पलीकडच्या काठावर एका मोडक्या बाकाखाली वाकून बघत होते! त्याने हाका मारल्या. बदकं उडाली. काकांनी वर पाहिलं, कानाला हात लावला आणि ऐकू येत नसल्याची खूण केली. मग दोघांनीही एकदमच 'मी येतो' असे हातवारे केले आणि दोघेही आपापल्या उजव्या हाताला चालू लागले.

आता तळ्याच्या समोरासमोरच्या काठांवरून दोन माणसं आपापल्या उजवीकडे निघाली तर काय होतं, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. ती दोघं जन्मात भेटत नाहीत. बऱ्याच चालण्यानंतर त्याने पाहिलं तर काका पुन्हा बरोब्बर समोर. त्याने कपाळाला हात लावला, काकांनीही लावला, आणि दोघेही चूक सुधारून आपापल्या डाव्या हाताला निघाले.

घामाघूम होऊन त्याने तिला फोन लावला.

"विचारलंस?"

"विचारलं. पण काका नव्हते तेव्हा."

"म्हणजे? बाबा कुठायत?"

"समोरच आहेत. तळ्याच्या पलीकडे."

"गोल वाट आहे ना रे ती? तू आता जागचा हलू नकोस. ते येतील."

तो मुकाट्याने दगडावर बसला. पलीकडे काकांनीही शहाणपणाचा विचार केला आणि तेही बसले. आता दोघेही वाट बघत होते. त्याच्या डोळ्यांसमोर ते दादाकडचं वर्ष दिसायला लागलं आणि त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात धावणाऱ्या बाई चक्कर पुरी करून आल्या. "तिकडचे काका विचारतायत, तुम्ही उठत का नाही?"

"त्यांनाच म्हणावं या. मला त्यांच्याशी महत्त्वाचं बोलायचंय."

"ते लग्नाचं ना? मी सांगितलं त्यांना."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळं?"

"तुम्ही म्हणालात तेवढं सगळं. त्यांनी विचारलंय, आधी कुठे ठोकलं गेलंय का? म्हणजे साखरपुडा मोडलाय, असलं काही?"

"नाही हो!"

"बरं," म्हणून त्या धावत गेल्या. पुढच्या फेरीला त्या लाल झाल्या होत्या. "चिडल्यावर आदळआपट करता का?"

"नाही."

"खोटं बोलू नका म्हणालेत."

"एकदा रिमोट आपटला होता," तो पुटपुटला. "सेल निघाले फक्त."

बाई गेल्या. पलीकडच्या काठावर त्या काकांशी बोलताना दिसल्या. काका उभे राहिले, त्यांनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं, अगदी गाडीचा पत्रा बघावा तसं. मग बाईंना काहीतरी सांगितलं. बाई या वेळी धावत नव्हत्या, चालत येत होत्या. त्या यायला जो वेळ लागला त्यात त्याने मनातल्या मनात तिची माफी मागून घेतली.

"मी इथे वजन कमी करायला येते," त्या आल्या आल्या कडाडल्या. "लोकांची लग्नं जमवायला नाही. होकार आहे. रिमोटचं कबूल केलंत म्हणून."

तो ताडकन उठला आणि काकांच्या दिशेने धावत सुटणार, तोच बाईंनी त्याचा दंड धरला.

"खाली बसा. होकाराला तेवढी एकच अट आहे. आजपासून लग्न लागेपर्यंत तुम्ही जागचं हलायचं नाही, मुलीला घेऊन ते येतील."