गोपिकाबाईंची लाखोली

गोपिकाबाईंनी तुळशीपुढे दिवा ठेवून हात जोडले आणि तेवढ्यात फोन वाजला.

"गोपिकाबाई का? पोलीस ठाण्यातून जमादार कैलास बोलून राह्यलो. शेजारच्या अण्णाजींची तक्रार आहे. तुम्ही त्यांच्या आवारात शिरता, फुलं चोरता, अन् रोज लाखोली वाहता म्हणे."

"चोरी नाई जी," गोपिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण लाखोली वाहते. रोज वाहते."

आषाढात यजमान बापूराव दवाखान्यातून धडधाकट घरी आले, तेव्हाचा हा नवस. पहाटे आंघोळ करून अण्णाजींच्या पारिजातकाखाली पडलेली फुलं वेचायची आणि महादेवाला एक लाख वाहायची. पूजा आटपेपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही आणि एकही दिवस खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला की पुन्हा एकपासून.

जमादाराला फुलांच्या लाखोलीची काय कल्पना! त्याच्या नोकरीत लाखोली म्हणजे शिव्यांचीच. इतक्या गोड आवाजात कबुली देणारी बाई त्याला प्रथमच भेटत होती.

"आतापर्यंत किती झाली?"

"सत्तर हजाराच्या वर गेली. दिवाळीपर्यंत लाख होते."

"सत्तर हजार? बाई, आमच्या अख्ख्या ठाण्याच्या मिळून इतक्या निघणार नाईत! अन् वाहता कोणाले?"

"महादेवाले."

"हा महादेव राहते कुठं?"

"कैलासावर."

या नावावरून जमादाराची शाळेपासून थट्टा होत आली होती. तो भडकलाच. "पोलिसाची मस्करी करता? चोरी, आगळीक, शिवीगाळ तर आहेच. आता सरकारी कामात अडथळाबी लावतो! उद्या सकाळी ठाण्यात या."

बापूराव खाटेवर उठून बसले. "मी आता कुठं बरा झालो, अन् तू जेलात चालली?"

त्यांनी आतेबहिणीच्या मुलीला, वर्ध्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या ज्योत्स्नाला फोन लावला.

"मामी, रडू नका," ज्योत्स्ना म्हणाली. "एकेक पाहू. फुलं तोडली की वेचली?"

"वेचली वं. पडलेलं फूल तर देवाचं असते. अन् त्यांची सुंदराबाई जिवंत होती तवा तिनंच सांगतलं होतं, खुशाल नेत जा म्हणून."

"कायद्यानं पडलेलं फूलही झाडाच्या मालकाचंच. पण मालकिणीनं हो म्हटलं होतं, म्हणजे चोरीचा हेतू कुठं राहिला? आणि इतक्या कमी किमतीची पहिलीच चोरी म्हणजे अदखलपात्र. कोर्टाच्या हुकुमाशिवाय अटक नाही. आगळीक म्हणजे परक्याच्या आवारात घुसणं. ती ठरायला आत शिरताना मनात वाईट हेतू लागतो. तुमच्या मनात काय होतं?"

"ओम नमः शिवाय."

"झालं, सुटलात. शिवीगाळीचा घोळ मी उद्या जमादारांना समजावते. तोवर कोणी काही विचारलं तर तोंड उघडू नका. गप्प राहणं हा तुमचा हक्क आहे. आणि बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाबाला त्यांनीच घरी यायचं असतं."

"पोलीस घरी? मंग गल्लीत तोंड कसं दाखवू? नको माय, मीच जाते."

दुसऱ्या दिवशी पहाटे गोपिकाबाई परडी घेऊन गेल्या, तर अण्णाजींच्या फाटकाला कुलूप. आत पारिजातकाखाली फुलांचा नुसता सडा पडला होता. फाटकाच्या सळया धरून त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या. फुलं नाहीत म्हणजे पूजा नाही. पूजा नाही म्हणजे मौन सुटत नाही. आणि सूर्य मावळेपर्यंत फुलं मिळाली नाहीत, तर सत्तर हजार पाण्यात!

ठाण्यात त्या जमादारापुढे हात जोडून बसल्या.

"नाव सांगा."

गोपिकाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"तिचं मौन आहे जी," बापूराव म्हणाले.

"काल फोनवर तर धाडधाड बोलत होत्या!"

"थे संध्याकाळी. सकाळी नाई बोलत ते."

"वकिलानं पढवलं वाटते."

"हो, वकिलानंबी सांगतलं," बापूराव भोळेपणाने म्हणाले. गोपिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात अण्णाजी आले. मुलीकडे वर्षभर राहून ते महिन्यापूर्वीच परतले होते. शर्टाच्या दोन गुंड्या तुटलेल्या, आणि हातात पारिजातकाच्या फुलांनी भरलेली पिशवी.

"हा घ्या मुद्देमाल. आजची फुलं मीच वेचली."

"राहू द्या ते. शिव्या कोणकोणत्या दिल्या, ते सांगा. मोजक्याच सांगा, सत्तर हजार नका सांगू."

"शिव्या?" अण्णाजी चक्रावले. "कोण म्हणते शिव्या? लाखोली फुलांची हो! अन् शिवी दिली असती तर मी इथं आलो असतो का? महिना झाला, रोज सकाळी मी म्हणतो, राम राम वहिनी. ह्या हात जोडतात, फुलं वेचतात अन् चालू लागतात. एक शब्द नाई! सुंदरानं लावलेलं झाड आहे ते. ती गेली, तवापासून घरात बोलणारं कोणी नाई. दिवसातून एक माणूस दारात येते, अन् थेबी मुकं!"

जमादाराचं पेन तसंच हातात राहिलं.

वर्ध्याहून पवनारमार्गे येणाऱ्या बसनं उशीर केला म्हणून धापा टाकत ज्योत्स्ना आत आली. नवस, मौन, महादेव, सगळं तिनं एका दमात सांगितलं. 'कैलासावर' म्हणजे कुठं, हे कळल्यावर जमादाराने चेहरा रुमालाने पुसला.

गोपिकाबाईंची नजर मात्र पिशवीवरून हलत नव्हती. जमादाराच्या खुर्चीमागच्या भिंतीवर महादेवाची तसबीर होती. त्यांनी पिशवीकडे बोट केलं, मग तसबिरीकडे.

"अहो, मुद्देमालाले हात नाई लावता येत," जमादार म्हणाला.

"पंचनामा झाला?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नाई अजून."

"मग अजून ती फुलंच आहेत."

जमादाराने मुकाट्याने खुर्ची सरकवली आणि बूट काढले. गोपिकाबाईंनी नळावर हातपाय धुतले आणि फुलं वाहायला सुरुवात केली. अण्णाजी फुलांची ओंजळ पुढे धरून उभे राहिले. पिशवी रिकामी झाली. गोपिकाबाईंनी डोळे मिटून नमस्कार केला आणि वळल्या. आता त्या काय बोलतात, म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"काऊन जी अण्णाजी!" गोपिकाबाई कडाडल्या. "देवाच्या झाडाले कुलूप लावता? शेजारी असून पोलिसात जाता? संध्याकाळी दार वाजवलं असतं, तर काय मी हाकलून देणार होते? अन् अवतार पाहा आपला! शर्टाले गुंड्या नाईत, गालफडं बसून गेले. सकाळपासून पोटात काई गेलं का? सुंदराबाई पाहत असंल तर काय म्हणंल? माणसाले काई लाजशरम..."

मौनाची सगळी भरपाई एकदम होऊ लागली. बापूराव खाली पाहत राहिले, त्यांना हे पाठ होतं. जमादार अण्णाजींच्या कानाशी वाकला.

"अण्णाजी, आता मात्र खरोखरची लाखोली सुरू झाली. घेऊ का लिहून तक्रार?"

अण्णाजींनी खिशातून फाटकाची किल्ली काढून बापूरावांच्या हातावर ठेवली आणि बाहीने डोळे पुसले.

"थांबा न जी," ते म्हणाले. "लाख तर होऊ द्या."