टाकीवाल्यांचा तंबू

"एक थेंब," बायको म्हणाली, "एक थेंब जरी अंगावर पडणार असेल ना, तर मी यायची नाही. तुम्ही आणि तुमचा तंबू, दोघंच जा तळ्याकाठी आणि बसा एकमेकांची तोंडं बघत."

धमकी पोकळ नव्हती. मागच्या सहलीत पाऊस आला आणि तंबू नेमका तिच्या उशीवर गळला. ती तंबूतच छत्री उघडून बसली आणि शेजारी नवरा कोरडा ठाक झोपला होता. वर सकाळी त्याने विचारलं होतं, "काय छान झोप लागते नाही मोकळ्या हवेत?" ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं आणि वर्षभर सवडीने त्याला ऐकवत होती.

आता पुन्हा रजा मंजूर झाली होती, तळ्याकाठची जागा ठरली होती. तिच्याशिवाय जायचं म्हटलं तर त्याचा जीव अगदी कसनुसा होत होता. इतकी वर्षं संसार करूनही त्याला तिच्यावाचून करमत नसे. हे तो तिला कधी सांगत नसे, हा भाग निराळा.

इमारतीत त्याला सगळे 'टाकीवाले' म्हणायचे. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. आपण पास केलेली टाकी आजवर कधी गळलेली नाही, हे तो नवीन माणसाला ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगायचा. अशा माणसाच्या घरचा तंबू गळावा, म्हणजे शुद्ध नाचक्की!

शनिवारी त्याने गच्चीवर तंबू उभारला. त्याची आई सावलीत खुर्ची टाकून बसली. घरात सून पुस्तक वाचत होती आणि वाचणाऱ्या माणसाकडे बघण्यात काही मजा नसते, असं आईचं म्हणणं होतं.

"हळू घास रे बाळू," ती म्हणाली. "कापड आहे ते, पातेलं नाही."

बाळूने कोमट पाण्यात स्पंज बुडवून तंबू अगदी लाडाने पुसला. तो वाळल्यावर आतून प्रत्येक शिवणीवर ब्रशने पाण्यात न विरघळणारा रबरी डिंक भरला. बाहेरून वॉटरप्रूफचा फवारा मारला. इथवर काम चोख होतं. इथेच तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण रविवारी सकाळी तपासणी होती आणि तपासणी हा त्याचा प्रांत.

"नळीने वरून पाणी मार की," आई म्हणाली.

तो हसला. अडाण्याला क्षमा करावी तसं हसला. "आई, बाहेरून पाणी मारून टाकी तपासतं का कोणी? आत पाणी भरायचं आणि बाहेर ओल येते का बघायचं. आमच्याकडे हीच पद्धत आहे."

"पण ही टाकी नाही ना रे."

"गळती ती गळतीच!"

दाराच्या चेनमधून पाणी जाणार, हे उघड होतं. म्हणून त्याने चेन लावून तिच्यावर उरलासुरला डिंक थापला आणि तो वाळेपर्यंत चहा घेतला. मग खिडकीची जाळी उघडून गच्चीच्या नळाची नळी आत सोडली. पाणी चढू लागलं. तंबू हळूहळू फुगला, कडा ताणल्या गेल्या, आणि तो गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला टेकवून, चहूबाजूंनी ओल शोधत रांगू लागला. पाणी गुडघाभर झालं. ओल नाही! एक थेंब नाही! त्याला गहिवरून आलं.

"अगं ए, वर ये! लवकर ये!"

बायको बोट पुस्तकात ठेवूनच वर आली. तिने तंबूला एक फेरी मारली, कापडाला हात लावून बघितला.

"कोरडाय," ती म्हणाली.

"मग! काय सांगत होतो?"

"आतलं बाहेर येत नाही, हे दिसलं. पण बाहेरचं आत येतं का, ते कुठे बघितलंत? तंबूत मी झोपणार आहे की पाणी?"

टाकीवाल्याने जाऊन नळ बंद केला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

"आणि आता हे काढणार कसं?" बायकोने विचारलं.

टाकीला खाली तोटी असते. तंबूला नसते. दाराची चेन तर डिंकाने अशी धरली होती की ओढता ओढता त्याच्या हाताची सालं निघाली. तो खिडकीतून मग घालून पाणी उपसायच्या विचारात होता, तेवढ्यात जिना धाडधाड वाजला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. अर्ध्या गालावर दाढीचा फेस होता.

"टाकीवाले, पाणी गेलं!"

त्यांच्यामागून गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, डोक्याला शाम्पू, एक डोळा मिटलेला. "माझ्याकडे थेंब नाही हो! पंप तर संध्याकाळी लागणार!"

गच्चीवरचा नळ इमारतीच्या टाकीतूनच येत होता. जगभरच्या टाक्यांची काळजी वाहणारा माणूस आपल्याच डोक्यावरची टाकी विसरला होता. सगळ्यांनी त्या टाकीकडे पाहिलं, मग नळीकडे, मग टम्म फुगलेल्या तंबूकडे.

"आमचं पाणी त्यात आहे?" डॉक्टरांनी सावकाश विचारलं.

"सगळं आहे," तो घाईने म्हणाला. "एक थेंब वाया गेलेला नाही. मी स्वतः तपासलंय."

मग बादल्या आल्या. रांग लागली. टाकीवाला खिडकीशी उभा राहून मगाने ज्याचं त्याला वाटत होता आणि आई खुर्चीतून हुकूम सोडत होती, "आधी बाईंना द्या, डोळा चुरचुरतोय त्यांचा!" भांडायला आलेली माणसं गप्पा मारून, हसून खाली गेली. तंबू रिकामा झाला. त्याने खिडकीतून आत शिरून तो टॉवेलने पुसून काढला. पाणी उरलं ते झाडांना घालायच्या झारीत, झारीभर.

"धरा ती झारी तंबूवर," बायको म्हणाली. "मी आत जाते. आता काय ते बघूनच टाकू."

उशी आणि पुस्तक घेऊन ती खिडकीतून आत उतरली. तो बाहेरून झारी धरून फेऱ्या मारू लागला. सगळी सहल त्या झारीत होती.

झारी संपली.

"पडलं का गं काही?"

त्याने कापडाला कान लावला.

"अगं, थेंब पडला का?"

"नाही."

"नाही?" तो जवळजवळ नाचलाच. "मग ये बाहेर!"

"कशाला?"

खाली घराची बेल वाजली. आईने तिला हाक मारली. फोनही वाजून वाजून थांबला. तंबूतून फक्त पान उलटल्याचा आवाज आला.

"फार बरं आहे हो इथे," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. आवाज इतका निवांत होता की त्याला तो ओळखूच येईना. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा अशी जागा मिळाली, जिथे कुणाला येता येत नाही."

"म्हणजे येणार ना तळ्यावर?"

"येणार म्हणजे काय, येणारच! फक्त ते दार आहे तसंच राहू द्या. आणि खिडकीची चेन आतून लागते, तेही छान आहे."

"आणि मी?"

"तुम्ही बघा तुमचं काहीतरी."

संध्याकाळी तो तंबूंच्या दुकानात उभा होता.

"एकट्याला पुरेल एवढा द्या," तो म्हणाला. "पण तिच्या तंबूला अगदी खेटून लावता आला पाहिजे."

"का हो, तुमच्याकडे आहे ना एक?" दुकानदाराने विचारलं. "गळायला लागला का?"

"छे हो!" टाकीवाल्याची छाती फुगली, आणि मग जरा खाली बसली. "अजिबात गळत नाही. म्हणून तर ही वेळ आली."