सगळा दोष कॅशेचा

"तू हलव्याकडे बघ, कॉम्प्युटरचं मी बघतो," असं मी बायकोला म्हणालो तेव्हा शुक्रवारचे चार वाजले होते. हे एक वाक्य गिळलं असतं तर माझी अब्रू निदान पनवेलमध्येच राहिली असती. पण मी पडलो ऑफिसातला कॉम्प्युटरवाला माणूस. (प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणारा आमच्या खात्यात मी एकटाच आहे.)

आमची दिना तीन वर्षं ब्लॉग लिहितेय. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तिच्या आईच्या हातचे पदार्थ, नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा, मनुकांचं सरबत, सगळं तिथे. भांडी विकणारी एक कंपनी तिला अ‍ॅफिलिएट करून घ्यायच्या विचारात होती. म्हणजे पाककृतीखाली त्यांच्या भांड्यांची चित्रं आणि लिंका टाकायच्या, आणि विक्रीमागे कमिशन घ्यायचं. त्यांची बाई शनिवारी साइट तपासणार, चित्रं नीट दिसली तर मंजुरी. आता शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. शुक्रवारी सहाला दिवे लागले की कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. आणि चित्रांच्या जागी नुसते पांढरे चौकोन दिसत होते.

"एकदा नकार आलाय," दिना म्हणाली. "परत आला तर मी ब्लॉग बंद करणार." तिचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं, अगदी खरं. म्हणून तर मी खुर्ची ओढली.

"कॅशे आहे," मी निदान केलं.

"म्हणजे?"

"ब्राउझर पानाची जुनी प्रत साठवतो आणि तीच पुन्हा पुन्हा वाढतो. तुझ्या फ्रिजमधल्या परवाच्या कालवणासारखं."

"परवाचं कालवण तुम्हीच काल दोनदा मागून घेतलंत."

मी कॅशे साफ करायला घेतला. तिथे टिक करायला बऱ्याच गोष्टी होत्या. अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून सगळ्यांवर टिक केली. चित्रं आली नाहीतच, वर कॉम्प्युटर दिनाचा पासवर्ड विसरला. (तिने तो पाककृतींच्या वहीत लिहून ठेवला होता. "तुम्ही घरात आहात म्हणून," एवढंच कारण सांगितलं.) मग साइटचाही कॅशे रिकामा केला. चौकोन पांढरेच.

मी इस्रायलमध्ये अश्दोदला मेहुणीला, एलिशेवाला, फोन लावला.

"भावोजी, मला सगळी चित्रं दिसतायत की!"

"तुला जुनी प्रत दिसतेय. शिळं आहे ते."

"पण ताईने चित्रं आजच लावली ना?"

मी फोन ठेवला. परदेशी राहून माणसं वाद फार घालायला लागतात.

रिक्षा करून एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. मालक महादेवने साइट उघडली. "हाय की साहेब, सगळं दिसतंय. तुमाला नाय दिसत?" म्हणजे त्यालाही शिळंच! पनवेल ते अश्दोद सगळ्यांना शिळं दिसतंय आणि ताजं काय ते माझ्या एकट्याच्या घरात, याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही.

घरी पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. मी धडाक्यात कंपनीच्या सहाच्या सहा लिंका उडवल्या. आपल्याच भांड्यांचे फोटो टाकू, आहे काय नि नाही काय! मोठं पातेलं चिंचेने घासलं (शर्ट काढून, कारण काम अंगमेहनतीचं होतं), आरशासारखं चकाकल्यावर खिडकीत ठेवलं, फोटो काढून पानाच्या तळाशी चढवला. लगेच दिसला!

"दिना, ये! जमलं!"

ती हात पुसत आली. पातेल्याकडे बघितलं, मग स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे लाल काय आहे? मघाशी त्याच्यावर सहाचा आकडा होता."

"ते मी बसवलंय, गेल्या महिन्यात. जाहिराती अडवतं. एक नंबर काम! कसलीही चिवट जाहिरात असू दे, तिथे पांढरा चौकोन..." वाक्य संपेपर्यंत माझा आवाज बराच खाली आला होता.

"आणि माझी चित्रं काय आहेत?"

"जाहिराती," मी म्हणालो.

"उठा."

बावीस वर्षांच्या संसारात तिचं हे 'उठा' मी तीनदाच ऐकलंय. मी उठलो. तिने ते लाल प्रकरण बंद केलं, कंपनीच्या मेलमधून सहाही लिंका परत चिकटवल्या आणि सहाला तीन मिनिटं कमी असताना डोक्यावर पदर घेऊन दिव्यांसमोर उभी राहिली. मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. तिच्या मंजुरीसाठी मात्र मनापासून मागितलं.

रविवारी मेल आला. मंजुरी! दिनाने तो मोठ्याने वाचला, तिचे डोळे भरून आले, माझेही. शेवटी एक ओळ होती: 'पानाच्या तळाशी असलेलं चित्र कृपया काढावं. पातेल्यात बनियन घातलेल्या गृहस्थांचं प्रतिबिंब दिसतं. हा माल आमच्याकडे मिळत नाही.'

पातेलं मी तत्काळ उडवलं. संध्याकाळी एलिशेवाचा फोन आला.

"भावोजी, बनियन खांद्याला उसवलंय."

"ते सकाळीच काढलंय!"

"मला तर अजून दिसतंय."

"कॅशे आहे!" मी ओरडलो. "या वेळी खरोखर कॅशे आहे! साफ कर!"

"छे, कशाला? उद्या इथे येऊन राहिलेले सगळे पनवेलकर आमच्याकडे जेवायला येतायत, त्यांना दाखवते."

माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. पण आता तो कॅशे साफ करायची माझ्याशिवाय कुणालाच घाई नव्हती.