पी.टी.चा तास आणि मैदानातलं हळदीकुंकू

"शाळेतला पी.टी.चा तास मी एका हळदीकुंकवात वाचवून दाखवते," असं मी चौऱ्याहत्तर साली स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं होतं. आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाले, तरी ते वाक्य आठवलं की हसू येतं.

दिल्लीतल्या आमच्या मराठी शाळेत मी घ्यायचे ती नववी-दहावीची पी.टी. म्हणजे सावधान, विश्राम आणि मग गणिताचे गुणवंत सर. पाचव्या मिनिटाला ते खिडकीतून हाक मारायचे, "बाई, पोरं पाठवा. भूमिती राहिलीय."

शेवटी मी शिक्षण खात्याला अर्ज केला. या विषयाला स्वतःचा अभ्यासक्रम हवा, मुलींनाही खेळ हवेत. उत्तर आलं : निरीक्षक येतील, पालकांचा पाठिंबा दाखवा. नाही दिसला, तर तास कायमचा गणिताला!

सभेला कोण येतंय? म्हणून संक्रांत गाठून मी मैदानातच हळदीकुंकू ठेवलं. कुंकू लावायचं, वाण द्यायचं, सही घ्यायची. बिल्कुल सोपं.

सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधून चाळीस आया आल्या, काठपदरात. बाजूला मुलींचा खो-खो चालला होता. एकीचा पाय मुरगळला, तशी तिची आई सरलाताई वाणाची वाटी माझ्या हातात कोंबून पदर खोचत तिच्या जागी धावली. "साताऱ्याला शाळेच्या संघात होते मी!"

मग काय, आणखी सात जणी उतरल्या. मुली बाहेर, आया आत, सह्यांचा कागद कुंकवाखाली. खो-खोला लागतात त्या नऊ जणींत एक कमी पडली, तेव्हा सरलाताईंनी गुणवंत सरांनाच वर्गातून ओढून आणून बसवलं.

"अहो, माझी भूमिती..."

"इथेच कोन मोजा," म्हणत त्यांनी सरांच्या पाठीत खो दिला. स्टेशनवर चहाला उतरावं आणि गाडी हलावी, तसे सर सुटले.

तेवढ्यात फाटकात निरीक्षक. घाबरून मी हातातली गुलाबदाणी त्यांच्यावरच शिंपडली.

"ये क्या हो रहा है?"

"अभिभावकों का समर्थन, सर," मी पालकांचा पाठिंबा हिंदीत दाखवला.

ते अर्धा तास बघत राहिले. जाताना म्हणाले, "मॅडम, इतना गंभीर विषय! इसकी तो किताब होनी चाहिए, लिखित परीक्षा भी."

मी स्टाफरूमभर तिळगूळ वाटला.

जुलैत अभ्यासक्रम आला. एकशेवीस पानं. तास वाचला होता, फक्त तो वर्गात घ्यायचा होता. मी फळ्यावर खो-खोच्या मैदानाची लांबी-रुंदी लिहीत होते, पोरं उतरवून घेत होती. पाचव्या मिनिटाला मैदानातून खिडकीशी गुणवंत सर आले, घामाघूम.

"बाई, पोरं पाठवा की. एकट्याला खो कोण देणार?"

मी म्हटलं, "नाही हो सर. धडा राहिलाय."