टाकीतले महाराज आणि धोंड्याचा जावई

सुंदररावांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळीकडे सांगितलं जायचं. सांगणारे अर्थात सुंदररावच. एस.टी.त तीस वर्षं तिकीट तपासनीस म्हणून काढलेली. झोपेचं सोंग घेतलेला तरुण, नऊ वर्षांच्या पोराला चार वर्षांचं म्हणणारी माउली, घोंगडीत बोकड गुंडाळून "म्हातारी आजारी हाय" सांगणारा पाहुणा, सगळे त्यांनी पकडले होते. पुढे निवृत्त झाले, वडवणीत घर बांधलं, गळ्यात माळ घातली. संशय मात्र निवृत्त झाला नाही. दूधवाला आला की ते दुधाकडे बघतच नसत, त्याच्या तोंडाकडे बघत.

मागच्या दिवाळीत त्यांनी बीडहून तीन फुटी काचेची टाकी आणली. सात सोनेरी मासे घेतले. आठवं एक बोटभर पिल्लू दुकानदारानंच गळ्यात मारलं. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट आणि शोभणार नाहीत एवढ्या लांब मिशा.

"कॅटफिश हाय काका. टाकी बघूनच वाढतो. टाकीपरीस मोठा कधीच होत न्हाई."

सुंदररावांनी त्याच्या चेहऱ्याकडे दोन मिनिटं रोखून बघितलं आणि माणूस खरा आहे असं ठरवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला असा हा बहुधा एकमेव माणूस.

पिल्लू वाढलं, आणि चांगलं दीड वीत झालं. दिवसभर ते तळाशी निपचित पडून राही. सोनेरी मासे डोक्यावर धिंगाणा घालत, पण हा ढिम्म हलत नसे. सुंदररावांनी त्याचं नाव ठेवलं महाराज. एकादशीला महाराजांना भिजवलेल्या साबुदाण्याचे चार दाणे मिळत. ते तो खात नसे. म्हणजे निर्जळी करतो, असं सुंदरराव येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. पाण्यातला प्राणी निर्जळी कशी करील, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

मग अधिक महिना लागला. लेकीच्या, रोहिणीच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणजे जावयाचं पहिलंच धोंड्याचं जेवण. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे, वर तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. एवढा पवित्र महिना म्हणून सुंदररावांनी आधी घराची झडती घेतली. कांदा-लसूण बाहेर काढला. शेवटी माशांच्या खाद्याचा डबा हाती आला. चष्मा लावून वाचतात तो काय, आत माशांची भुकटी! माळकऱ्याच्या घरात सात महिने हे चाललं होतं. डबा गेला उकिरड्यावर, आणि त्या दिवसापासून महाराजांना कणकेच्या गोळ्या सुरू झाल्या.

आठ-दहा दिवसांनी रोहिणीला घेऊन जावई आला. शिवशंकर गेवराईकडचा, शेततळ्यात मासे पाळायचा. लग्नाच्या बैठकीतच सुंदररावांनी त्याला विचारलं होतं, "खाता का?"

"पाळतो, मामा. खात न्हाई."

तेव्हा त्यांनी मान डोलावली. पण हलवायाच्या पोरानं गोड खात नाही म्हटलं तर कोण मानील? ते उत्तर त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

शिवशंकर आला त्या दिवशी सोनेरी मासे सात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर सुंदररावांनी गाडीतले प्रवासी मोजावेत तशी बोट नाचवत मोजणी केली. सहा भरले. टाकीमागं बॅटरी मारून पाहिलं, तरी सहाच. तिसऱ्या दिवशी चार.

"मांजर आलतं का?" त्यांनी बायकोला विचारलं.

संगीताबाई अनारसे थापत होत्या. "झाकणावर तुमीच वीट ठिवली. मांजर काय वीट उचलून परत ठिवील?"

मांजर सुटलं. राहिली माणसं. संगीताबाईंनी जन्मात मासा शिजवलेला नव्हता आणि रोहिणी त्यांचीच लेक होती. आता उरला एकच.

मग त्यांचं जावयावर बारीक लक्ष सुरू झालं. आणि लक्ष ठेवल्यावर काय दिसायचं राहतं? जावई टाकीपुढं बराच वेळ उभा राहायचा. एकदा त्यानं काचेवर वीत ठेवून महाराजांची लांबी मोजली आणि उसासा सोडला. नंतर विचारलं, "मामा, झाकणाचा मोठा टप हाय का घरात?"

"कावून?"

"असंच."

तो स्वयंपाकघरात रोहिणीशी कुजबुजत होता, पण सासरे दारात दिसताच दोघंही गप्प झाली. त्याच दुपारी ओसरीवर खुंटीला टांगलेल्या जावयाच्या बॅगेतून सुकटीचा वास आला. त्यात चूक होणं शक्यच नव्हतं. बाजाराच्या दिवशी तीस वर्षं गर्दीच्या गाड्या तपासलेलं नाक होतं ते.

सगळं जुळलं. गंगाकाठचा, म्हणजे गोदावरीकाठचा माणूस. तीन दिवस नुसतं पुरण आणि तूप. जीभ बंड करणारच! सोनेरी मासे झाले तोंडी लावायला, आणि झाकणाचा टप महाराजांसाठी.

पण बोलायचं कसं? अधिकातल्या जावयाला चोर म्हणायचं? त्याचं बिनसलं तर रोहिणीनं सासरी नांदायचं कसं? सुंदररावांना लेकीपुढं जगात काही नव्हतं. त्यांनी ठरवलं, जेवण होईपर्यंत दातांवर दात ठेवायचे.

चौथ्या दिवशी दुपारी पाट मांडला, रांगोळी घातली, ताट वाढलं. सुंदररावांनी जावयाचे पाय धुतले. गंध लावायला वाकले आणि त्याच्या बोटांना तोच वास आला. नजर टाकीकडे गेली. सोनेरी मासा एकच होता.

पुढं जो आवाज निघाला तो सासऱ्याचा नव्हता, तपासनिसाचा होता. "बॅग उघडा."

"आँ?"

"बॅग. उघडून दावा."

"आबा, हे काय करायलाव?" रोहिणी पुढं झाली. तोवर सुंदररावांनी स्वतःच बॅग काढून उघडली होती. सदरा निघाला, टॉवेल निघाला, मग एक डबी निघाली. डबीचं झाकण निसटलं आणि भिजवलेली सुकट रांगोळीवर, अनारशांच्या शेजारी सांडली. संगीताबाईंनी पदर नाकाला लावला.

"माळकऱ्याच्या घरात सुकट," सुंदरराव म्हणाले. "सात मासे होते, एक राह्यला. आन् टप कशाला पायजे होता, तेबी सांगून टाका."

शिवशंकरचा चेहरा लालबुंद झाला, पण आवाज चढला नाही. "मामा, सुकट तुमच्या महाराजाची हाय. उपाशी हाय त्यो. ह्यो मासा मुळातच मांस खाणारा. कणकेवर कसा जगंल? काल बाजारातून आणली, खारटपणा जावा म्हणून भिजवली. तुमाला वाईट वाटू न्हाई म्हणून बोललो न्हाई."

"महाराज मांस खाणार? सात महिने माझ्या डोळ्यांपुढं हाय त्यो."

तेवढ्यात शेवटचा सोनेरी मासा फिरत फिरत तळाशी गेला. महाराज उठले नाहीत. त्यांनी फक्त तोंड उघडलं. त्या मिशांमागं एवढा मोठा दरवाजा असेल असं कुणालाही वाटलं नसतं. सोनेरी मासा आत गेला, शेपटी क्षणभर बाहेर वळवळली, मग तीही गेली. महाराज पुन्हा ध्यानाला बसले.

सुंदररावांनी सवयीनं मोजणी केली. मोजायला काहीच नव्हतं.

शिवशंकर ताटावरून उठला. धोंड्याला हातही न लावता तो दाराकडे निघाला. रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धोंड्याच्या ताटावरनं उठवलं तुमी त्यांना, आबा. आता सासरी मी काय तोंड दावू?"

सुंदररावांच्या काळजात चर्र झालं. हजारो लोकांना त्यांनी भर उन्हात गाडीतून उतरवलं होतं, कधी काही वाटलं नव्हतं. आता ते धावत उंबऱ्याशी गेले आणि जावयाच्या चपला उचलून छातीशी धरल्या.

"पाव्हणं, चुकलं माझं. काय दंड सांगताल त्यो भरतो. पण उपाशी जाऊ नका."

शिवशंकर त्यांच्याकडे बघत राहिला. छातीशी चपला धरून डोळ्यांत पाणी आणलेल्या सासऱ्यावर किती वेळ रागावणार? "एक अट हाय," तो म्हणाला. "महाराजाला मी नेणार. तीन-चार फूट होतो ह्यो. ह्या टाकीत त्याला वळताबी यायचं न्हाई."

"दुकानदार तर म्हणलता, टाकी बघून वाढतो."

"दुकानदार इकतो, मामा. पाळावं आपल्याला लागतं. आणायच्या आधी इचारायचं, किती मोठा होतो, काय खातो, किती वर्षं जगतो."

"मंग गंगेत सोडू. अधिकात पुण्य लागंल."

"आन् गंगेतल्या माशांनी काय पाप केलंय? परमुलखातला मासा हाय. नदीत सोडायचा नसतो. माझ्या तळ्यात टाकला तर तळं रिकामं करील. संभाजीनगरला एक वळखीचे हायेत, खोलीएवढा हौद हाय त्यांच्याकडं. त्यांच्याशी बोललोय. टप त्याच्यासाठीच मागत होतो."

सुंदररावांनी चपला खाली ठेवल्या. पाटाभोवती पुन्हा रांगोळी घातली गेली. जावई सात धोंडे जेवला आणि प्रत्येकावर सुंदररावांनी स्वतः तूप ओतलं. सकाळी झाकणाचा टप जीपमध्ये चढला, महाराज आत ध्यानस्थ.

"घरी काय सांगणार न्हाई, मामा," निघताना शिवशंकर म्हणाला. सुंदररावांना हायसं वाटलं. त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

जीप गेली. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून संगीताबाई टाकीतलं पाणी तांब्यातांब्यानं तुळशीला आणि कढीपत्त्याला घालू लागल्या. सुंदरराव शेजारी टेकले.

"माणूस लई भला हाय," ते म्हणाले. "मलाच कसं दिसलं न्हाई?"

"मला दिसलं होतं," संगीताबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी. महाराजाला मासा गिळताना बघितलं मी."

"मंग सांगितलं कावून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर आधी माझीच झडती झाली असती. म्हणलं, मासे सरले की मोजायचंबी सरंल. जावयावर जाताल असं कुठं वाटलं?"

सुंदररावांना पटलं. त्यांनी खाली मान घालून एक तांब्या तुळशीला घातला. मग मान वर करून त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे रोखून बघितलं आणि हळूच विचारलं,

"मंग आजून काय काय सांगितलं न्हाईस?"