तासाला तीनशे

मंठ्यात पाण्याच्या टाक्या धुणारे आम्ही तिघं आहोत आणि त्यात सगळ्यात चांगला मी. मोठ्यातली मोठी टाकी मी पाऊण तासात अशी लख्ख करतो की आत बसून जेवावं. पण भाव सांगायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. गिऱ्हाईक विचारायचं, "पुंजाराम, किती झाले?" मी फरशीकडं बघत म्हणायचो, "द्या की समजून." मग लोक समजून द्यायचे. कुणी चारशे समजायचं, कुणी दीडशे. बसस्टँडमागच्या एका काकूंनी तर मेथीच्या दोन जुड्या समजून दिल्या. त्यातली एक पिवळी होती.

माझी बायको नंदा घरी ब्लाउज शिवते. तिच्या मशीनच्या वर भिंतीला भावाची पाटीच आहे. बायका पाटी वाचतात, पैसे देतात, जातात. एकदा ती मला म्हणाली, "तुमचा भाव तुम्हालाच ठावूक न्हाई, मंग लोकाला कसा ठावूक असंल?"

ही गोष्ट मला लागली. चार दिवस डोकं खाजवून मी भाव काढला. तासाला तीनशे रुपये. गिऱ्हाईक फसणार नाही, मीही फसणार नाही, कारण घड्याळ कुणाच्या बापाचं नसतं. मंठ्यात तासावर टाकी धुणारा पहिला माणूस म्हणून दोन दिवस मी छाती काढून फिरलो. नंदानं एवढंच विचारलं, "तासावर? तुम्ही?"

मी म्हणालो, "तुला धंद्यातलं कळत न्हाई."

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते श्रीपती गुरुजी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. अर्ध्या मंठ्याला त्यांनी पाढे शिकवलेत, त्यात मीही आलो. त्यांच्या गच्चीवर पत्र्याच्या सावलीत दोन हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहे. भाव ऐकून गुरुजी खूश झाले.

"म्हणजे मिनिटाला पाच रुपये. छान. हिशेब स्वच्छ." त्यांनी टाकीशेजारी खुर्ची टाकली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं. "नऊ वाजून पाच मिनिटं. उतर."

मी कानांत कापसाचे बोळे घातले, कारण टाकीत ब्रशचा आवाज फार घुमतो. त्यावर पंचा गुंडाळला आणि उतरलो. तळातला गाळ उपसला, भिंती घासल्या, पावडर मारली, धुतलं, पुसलं. घड्याळ बघतो तर नऊ पन्नास. पंचेचाळीस मिनिटं गुणिले पाच, सव्वादोनशे.

मी पुन्हा गुणलं. सव्वादोनशेच. मागच्या वर्षी याच टाकीचे गुरुजींनी समजून चारशे दिले होते. म्हणजे मी नुसता गप्प बसलो असतो तरी मला जास्त मिळाले असते. आणि बाकीचे दोघं याच टाकीला दोन तास लावतात, त्यांनी माझा भाव उचलला तर त्यांना सहाशे. हात जितका चपळ तितका खिसा हलका, असा हा भाव मी चार दिवस विचार करून काढला होता.

आता बाहेर आलो तर सव्वादोनशे. नाही आलो तर मिनिटाला पाच रुपये. मी खाली बसलो आणि ब्रशची लाकडी पाठ भिंतीवर आपटायला लागलो. ठक. ठक.

"पुंजाराम, किती राहिलं?" बाहेरून गुरुजी ओरडले.

"तळाला जुना गाळ हाये, गुरुजी. धरून बसलाय."

धरून मीच बसलो होतो. आत गार होतं. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि झोप माझी मुळातच दांडगी.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. लोकांनी जसं सांगितलं तसं सांगतो.

ठकठक थांबली. गुरुजींनी हाक मारली, दोनदा, तीनदा. उत्तर नाही. मग टाकीतून आवाज यायला लागला. लांबलचक, खरखरीत, मधेच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. शेजारच्या गच्चीवर कमरुन्निसाआपा शेवया वाळत घालत होत्या. त्या कठड्यापाशी आल्या.

"गुरुजी, काय गुरगुरून राह्यलं ते? पार रस्त्यापर्यंत ऐकू येऊन राह्यलंय."

गुरुजी खुर्चीवरून उठले. गुडघ्यांमुळं त्यांना शिडी चढता येत नाही. "आपा, त्याला घरघर लागली. टाकीत वायू धरला असेल. माणसं बोलवा."

दहा मिनिटांत गच्ची भरली. नळाची कामं करणारे लतीफभाई प्लॅस्टिक कापायची मशीन घेऊन आले. शिडी चढून त्यांनी आत डोकावलं, हाका मारल्या.

"गुडघे पोटाशी घेऊन पडलेत. बिलकुल हलत न्हाईत," ते वरून म्हणाले. "आत उतरलो तर मी बी पडंल. तोंड बारीक हाये, बेशुद्ध माणूस वरून निघायचा न्हाई. टाकी कापावी लागंल, गुरुजी. टाकी कामातून जाईल."

मिनिटाला पाच रुपये मोजणाऱ्या गुरुजींनी एक मिनिटही घेतलं नाही. "काप. टाकी दुसरी आणू. माणूस कुठून आणू?"

हे वाक्य मला नंतर सांगितलं तेव्हा टाकीत परत जावंसं वाटलं.

तेवढ्यात नंदा आली. पायात चप्पल नाही, गळ्यात शिवणाची टेप, रडत रडत जिना चढलेली. लोकांनी वाट दिली. तिनं टाकीला कान लावला आणि तिचं रडणं थांबलं. पदरानं नाक पुसून ती लतीफभाईंना म्हणाली, "मशीन खाली ठेवा."

"भाभी, घरघर लागली त्यांना."

"ही घरघर बावीस वर्सं झाली लागून. झोपलेत ते."

मग तिनं आपांच्या वाळवणाची काठी मागून घेतली आणि टाकीवर अशी हाणली की आत माझे दात वाजले. मी जागा झालो. काही कळायच्या आत ब्रश उचलला आणि जोरजोरात घासत ओरडलो, "झालंच गुरुजी, धाच मिनिटं राह्यली!"

कानांतले बोळे काढत मी टाकीच्या तोंडातून डोकं वर काढलं तर समोर अख्खी गल्ली. एकजण फोनवर सांगत होता, "न्हाई न्हाई, अॅम्ब्युलन्स नको. हो, जिवंत हाये. झोपला व्हता."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अकरा वाजून दहा. दोन तास पाच मिनिटं. सहाशे पंचवीस." त्यांनी खरंच पाकीट काढलं.

मला ते घेववेना. "गुरुजी, काम पाऊण तासातच झाल्तं."

"मग बाहेर का नाही आलास?"

"सव्वादोनशेच होत व्हते."

मागं कुणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले. "म्हणजे इतकी वर्षं घासून तुझा हात बसला आणि त्याचाच तुला दंड बसत होता."

"हो."

"आणि हे तुला टाकीत उतरल्यावर कळलं."

"हो."

"दहावीला गणितात किती पडले होते तुला?"

मी फरशीकडं बघितलं.

नंदा म्हणाली, "मी ब्लाउज एक तासात शिवला का चार तासांत, कुणी विचारत न्हाई. बाईच्या अंगाला बसला पायजे, बस."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "मला याचे तास नको होते, स्वच्छ टाकी हवी होती." तिथंच त्यांनी कागद मागवला. हजार लिटरला चारशे. दोन हजारला सहाशे. पावडरचा खर्च त्यातच. मी म्हणालो, सहाशे जास्त होतात. गुरुजी गच्चीभर जमलेल्या लोकांकडं हात करून म्हणाले, "एवढी माणसं का धावली? आत उतरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो हे सगळ्यांना माहीत आहे. तू सोडून सगळ्यांना. त्याचे पैसे धरायचे नाहीत का?"

आणि सहाशे रुपये त्यांनी माझ्या हातात ठेवले. मी ते खिशात घालायच्या आत लतीफभाई वायर गुंडाळत पुढं आले.

"पुंजाराम, माझे दीडशे."

"कशाचे? मशीन सुरू तरी केली का?"

"यायचे. काम होवो न होवो, यायचे दीडशे. सगळ्यांना हाच भाव."

"पण बोलावलं गुरुजींनी."

"बोलावलं त्यांनी. झोपलं कोण?"

मी दीडशे दिले. गच्चीवरच्या लोकांना आता काही बघायला उरलं नव्हतं, ते पांगले. सामान गोळा करून मी जिन्याकडं निघालो, तर कमरुन्निसाआपांनी कठड्यावरून हाक मारली. "पुंजारामभाई, आमची बी टाकी धुवायची हाये. हजारची. चारशे ना?"

"चारशे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा भाव असा सरळ तोंडातून निघाला. "उद्याच येतो, आपा."

"दुपारी या. पण नातू झोपलेला असतो, आवाज न्हाई झाला पायजे."

"आपा, घासायचा आवाज तर होणारच."

"घासायचा चालंल," आपा म्हणाल्या.