अनसूया क्लासचं पहिलं जहाज

आमच्या शेजारच्या वामनभाऊंची अठरा लढाऊ जहाजं आहेत आणि त्यांतलं एकही पाण्यावर चालणारं नाही. सगळी आकाशातली. कोणी चंद्राच्या पुढे, कोणी शनीच्या मागे पहारा देतं. राहतात मात्र इथे भिलाईत, वामनभाऊंच्या क्वार्टरच्या भिंतीवर, खिळ्यांनी ठोकलेली.

वामनभाऊ इथल्या पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढतात. बिघडलेले कागद घरी आणतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जहाज काढतात. रशियन लोकांनी आकाशात गोळा सोडल्यापासून त्यांना कोणी पूर्ण वेडा म्हणत नाही. अर्धाच म्हणतात.

मी फार बुजरी. परक्या माणसासमोर पदर सावरण्यातच माझा वेळ जातो. पण वामनभाऊ एकटे, म्हणून आमचे हे त्यांना रविवारी जेवायला बोलावतात. ते पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वरण बेस हाये वहिनी, पण रिव्हिजन मागते." नकाशात चूक निघाली की तो सुधारून पुन्हा काढायचा, त्याला त्यांच्या ऑफिसात रिव्हिजन म्हणतात. वामनभाऊंच्या मते जगात सगळंच रिव्हिजन मागतं. माझं वरण, ह्यांची मिशी, पावर हाउस बाजारातल्या भाजीवालीचं हिंदी.

एकदा धीर करून मी जहाजांबद्दल विचारलं.

"हे सब्बन अनसूया क्लासचे हायेत," ते म्हणाले.

मला क्लास दोनच माहीत. शाळेतला चौथा, जिथे माझं शिक्षण थांबलं, आणि रेल्वेतला तिसरा. मी विचारलं, "मग बसायला बाकडं असतं का?"

ह्यांना ठसका लागला. वामनभाऊ मात्र हसले नाहीत. "बाकडं राहूनच गेलं पाहा," ते म्हणाले, आणि पुढच्या जहाजात खरंच बाकडं आलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "पयलं जहाज बनते. त्याचं जे नाव, तेच मांगच्या सगळ्यायचं. पयल्यातून शिकायती येतेत, त्या मांगच्यात दुरुस्त करायच्या. यालेच क्लास म्हणतेत."

"मग पहिलं कुठे आहे?" भिंतीवरचे नंबर दोनपासून सुरू होत होते.

"ते बाहेर हाये," म्हणाले आणि त्यांनी भात मागितला.

या जहाजांचे शत्रू म्हणजे शनीपलीकडचे धूळवाले. ते गोळे मारत नाहीत, आमच्या कारखान्यासारखी लाल धूळ सोडतात. म्हणून प्रत्येक खिडकीला दुहेरी पडदा. तोफा आहेत, पण त्यांच्याशेजारीच स्वयंपाकघर, आणि त्यातला ओटा बुटका.

"तुमचे शिपाई बुटके हायेत का जी?" ह्यांनी विचारलं.

"काई काई हायेत," वामनभाऊ म्हणाले.

एका जहाजाच्या मागे मेथीचे वाफे आहेत. दुसऱ्यात भोंगाच नाही. युद्ध सुरू झालं तर एक माणूस दारोदार जाऊन हळूच सांगणार, कोणाची झोप मोडू नये म्हणून. ऑफिसातले लोक विचारतात, "काय वामनराव, अनसूयेची फौज कुठवर आली?" ते शांतपणे म्हणतात, "येऊन राहिली."

अनसूया म्हणजे पुराणातली, असंच मी समजत होते.

एका दुपारी वामनभाऊ ड्यूटीवर असताना पोस्टमन त्यांचं कार्ड माझ्याकडे देऊन गेला. अक्षरं विसरू नयेत म्हणून मी हाताला लागेल ते वाचते, पुडीचा कागदसुद्धा. बोट ठेवून वाचू लागले. पहिलीच ओळ होती, 'सौ. अनसूयेचा नमस्कार.' म्हणजे ही पुराणातली नव्हती, वामनभाऊंची बायको होती. वाचू नये हे कळत होतं, पण बोट थांबलं नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव वेगळं होतं; अक्षर दुसऱ्या कोणाचं, बोलणं तिचं.

'क्वार्टर मिळालं, कळलं. ओटा बुटका करून घेतो म्हणता, पडदे लावतो म्हणता, मेथी लावतो म्हणता. सगळं बरोबर. पण मागे तिथल्या टिनाच्या खोलीत राहिले तेव्हा तुम्ही कामावर गेले की दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. भिंतीशी किती बोलायचं. माझं येणं होत नाही.'

मी माझ्या भिंतीकडे पाहिलं. तीन वर्षं मीही तिच्याशीच बोलत होते. पण हे कोणाला लिहून कळवावं, असं मला कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी खाली मान घालून मी कार्ड दिलं. वामनभाऊंनी उभ्यानेच वाचलं, खिशात ठेवलं. "शिकायत आली," ते म्हणाले. "रिव्हिजन करावी लागन."

रविवारी ते नवं जहाज गुंडाळून घेऊनच जेवायला आले. स्वयंपाकघराला लागून आणखी एक लहान खोली काढली होती. दोन्हींची दारं समोरासमोर.

"हा शेजार हाये," ते म्हणाले. मग कागदाचं वळलेलं टोक सरळ करत राहिले. "वहिनी, इथं कोणी पायजे. तुमी राहान का?"

"मला युद्धातलं काय येतं?"

"काई नाई करायचं. दुपारी दार उघडं ठेवायचं."

मी हो म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी ते जरा मोठ्याने म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याकडून पत्ता मागवून मी एक कार्ड लिहिलं. 'अनसूयाबाई, मी तुमच्या क्वार्टरच्या शेजारची. चौथी शिकले. अक्षर वाकडं आहे, रिव्हिजन मागते. मला फार बोलता येत नाही, पण ऐकता येतं.'

उत्तर अजून आलेलं नाही. वामनभाऊंच्या भिंतीवर, दोन नंबरच्या आधी, एक नुसताच खिळा आहे. ते येता-जाता तो घट्ट आहे ना, बघतात.

मी दुपारी दार उघडं ठेवते. लाल धूळ आत येते. झाडून काढते आणि दार तसंच राहू देते.